पत्र्याच्या डब्याचा हेवा

जालना रोडच्या कडेला झेंडूचे ढीग लागले की माझ्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टरला दाखवण्यासारखं हे दुखणं नाही. कमलनं, माझ्या बायकोनं, त्याला नावच ठेवलंय, दसऱ्याचं दुखणं. "सुरू झालं का अहो तुमचं?" तोरणासाठी फुलं निवडता निवडता ती विचारते आणि मी पेपर तोंडापुढं धरतो. यंदाही आश्विन लागला, उन्हानं डोकं तापवलं, शेंद्र्याला, गावाकडं, आमच्या उरलेल्या जमिनीच्या तुकड्यात कापसाची बोंडं फुटली आणि दुखणं वेळेवर हजर झालं.

सरळच सांगतो. मला एका माणसाचा हेवा वाटत आलाय. त्याचं नाव खाजा. इथंच चिकलठाण्यात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो आणि रोज सकाळी माझ्यासोबत चहा पितो. त्याच्यापेक्षा जास्त हेवा वाटत आला तो त्यानं फौजेत चालवलेल्या गाडीचा. तिला आम्ही एपीसी म्हणायचो. जवानांना पोटात घेऊन जाणारी, पट्ट्यावर चालणारी बख्तरबंद गाडी. बख्तरबंद म्हणायचं आपलं मानानं. खरं तर पत्र्याचा डबा. मी टँकवाला. टँकच्या अंगावरचं पोलाद ज्यानं हातानं चाचपलंय, त्याला त्या डब्याचं काय कौतुक असणार? पण पोटात दुखतं ते दुखतंच.

आम्ही दोघं निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरची पोरं. त्या दिवसांत काय झालं ते त्याच्या घरात कुणी बोललं नाही, आमच्याही घरात नाही. आम्हाला ते माहीत नव्हतं म्हणून आम्ही बिनघोर एकत्र हिंडलो. भरतीला गेलो तेही एकाच सायकलवर, शहरात छावणीच्या मैदानावर. दोघंही पास झालो. मी गेलो रणगाड्यांकडं, तोफेवर बसायला. खाजा गेला पायदळात, आणि तिथं त्याला या गाडीवर ड्रायव्हर केलं. मला आठवतं, ते कळलं तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "वाईट वाटून घेऊ नको." त्याला वाईट वाटलेलंच नव्हतं. तो हसला आणि म्हणाला, "गाडी मिली यार, और क्या होना?"

सुट्टीवर आलो की माझा काय तोरा असायचा. एसटीतून उतरलो की शेंद्र्यातली म्हातारी माणसं पारावर जागा करून द्यायची. टँक केवढा असतो, किती लांब मारतो, आत गरम होतं का, सगळं विचारायची. खाजाला कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "मैं तो डिरायव्हर हूँ चाचा. लोगां बिठाता, लोगां उतारता." मग कोण कशाला पुढं विचारील? अजूनही बघा, गावोगावच्या चौकांत, बागांत चबुतरा बांधून टँक ठेवलेला असतो. पोरं त्याच्या तोफेला लोंबकळतात, नवरा-नवरी फोटो काढतात. एपीसी कुणी चबुतऱ्यावर ठेवलेली मला तरी दिसलेली नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी कैक वर्षं सुखानं झोपलो.

त्या सुखाला दृष्ट लागली ती दोन-तीन वर्षांपूर्वीच्या आश्विनात. तोच हंगाम मला राहून राहून आठवतो. पाऊस लांबला होता, नवरात्र बसलं तरी चिखल वाळला नव्हता, आणि बाजरीची कणसं उभ्या उभ्या काळी पडायला लागली होती. तिकडं युरोपात लढाई पेटलेली. नाक्यावरच्या हॉटेलात टीव्ही दिवसभर चालू. रिटायर झालेली, गुडघे धरून चालणारी आम्ही चार-सहा माणसं तिथं चहावर चहा मागवायचो आणि जणू आमच्याच पोरांची मॅच चालू असावी तसं बघायचो.

पहिले काही दिवस मी लई बोललो. आता बघा, म्हटलं, टँक कसं मैदान मारतात. आणि मग त्या टीव्हीनं माझी जी काही अब्रू काढली. आभाळातनं घारीएवढं, कधी कधी चिमणीएवढं विमान यायचं, ना त्यात माणूस ना पायलट, आणि टँकच्या टाळूवर काहीतरी टाकून जायचं. टाळू म्हणजे टँकची सगळ्यात पातळ जागा. तिथं गोळा बसला की संपलं. मग त्या लोकांनी टँकवर लोखंडी जाळ्या बांधल्या. कोंबड्यांच्या खुराड्यात उभा केलेला टँक बघून मी चहा अर्धा टाकला आणि घरी आलो. कमलनं विचारलं, "कुणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, पण बरं वाटत नाहीये."

आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर आली ती. चौकोनी, बोजड, मागं दार असलेली, आमच्या तरुणपणाच्या काळातली. कुणीतरी आपल्या जुन्या वखारीतनं काढून तिकडं पाठवलेली. रंग नवा, पण हाडं जुनीच. चिखलातनं गुरगुरत आली, एका पडक्या घराच्या आडोशाला थांबली, मागचं दार उघडलं आणि आतनं ब्रेडची खोकी उतरली. मग त्याच दारातनं दोन जखमी आत गेले. दार लागलं. गाडी निघून गेली.

"हौ," खाजा हळूच म्हणाला. "मेरी गाडी की बहन है वो."

त्या दिवसापासून हॉटेलात खुर्च्या वळल्या. आधी त्या माझ्याकडं तोंड करून असायच्या, आता खाजाकडं. लोक विचारायचे, इतकी जुनी गाडी आजच्या लढाईत कशाला? आणि हा बाबा बशीत चहा ओतत, अजिबात घाई न करता सांगायचा. तिला लढायला नेऊच नका, म्हणायचा. मोठ्या मशीनगनची गोळी तिच्या आरपार जाते, सुरुंग फुटला तर तळ फाटतो, म्हणून तर आमचे जवान पुष्कळदा आत न बसता टपावर बसायचे. वरून ते ड्रोन आलं तर अल्ला मालिक. "पण भाऊ, लढाईत माणूस गोळीनं कमी मरतो. मरतो तो तुकड्यांनी. गोळा लांब फुटतो आणि लोखंडाचे तुकडे उडतात. ट्रकमध्ये बसला तर गेला. माझ्या गाडीत बसला तर बाहेर टणटण आवाज येतो, बस. आणि चिखलात ट्रक जात नाही, ही जाते. बिघडली तर हातोडी आणि पान्यानं नीट होते. शेवटचे दोन-चार कोस, जिथं कुणी जायला तयार नाही, तिथं पाणी न्यायचं, दारूगोळा न्यायचा, माणूस आणायचा. यासाठी नवी महागाची गाडी कोण घालवेल? म्हणून म्हातारीला बोलावतात."

"म्हणजे हमाली," मी म्हणालो.

"हमालीच," खाजा म्हणाला आणि बशी तोंडाला लावली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस चिडत नसेल तर त्याच्याशी भांडावं तरी कसं?

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण शेंद्र्याच्या रस्त्यावर एक भरतीपूर्व अकॅडमी आहे, फौजेत जाऊ बघणाऱ्या पोरांना धावायला लावणारी. तिथले सर नवरात्रात एका सकाळी हॉटेलात आले. मला वाटलं, मला बोलवायला आले. मी शर्टाची कॉलर नीट केली. सरांनी माझ्या खांद्यावरून हात लांब करून खाजाला नमस्कार केला. जुन्या गाड्यांचा आजच्या लढाईत उपयोग, या विषयावर पोरांशी बोलाल का म्हणाले. खाजानं माझ्याकडं बोट केलं. "ये बोलेंगे, रिसालदार साहब हैं." सर म्हणाले, "त्यांनाही आणा की." त्यांनाही. हा 'ही' मला आजपर्यंत पचलेला नाही.

गेलो मी. सगळ्यात मागच्या रांगेत बसलो. पत्र्याच्या शेडखाली दोनेकशे पोरं, घामाचा आणि नव्या बुटांचा वास. खाजा उभा राहिला तर माईकपर्यंत त्याचं तोंड पोहोचेना. तरी पोरांनी डोळे हलवले नाहीत. त्यानं लढाईचं काही सांगितलं नाही. गाडी कशी ऐकायची ते सांगितलं. पट्टा सैल झाला की कसा वाजतो, मागं बसलेली माणसं घाबरली की कशी गप्प होतात आणि कधी उगीच जास्त बोलतात. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, म्हणाला, कानानंच समजून घ्यायचं. मी पाय हलवत बसलो होतो. माझ्या शेजारच्या पोरानं मला विचारलं, "बाबा, तुम्ही पण त्यांच्याच गाडीत होता का?"

नव्हतो. मी कुठं होतो ते आता सांगावंच लागणार.

एकाहत्तरची लढाई. डिसेंबरची थंडी, उसाची शेतं, आणि एका नदीचं कोरडं दिसणारं पात्र. दिसणारं, कारण वर वाळू आणि खाली गाळ. आमच्या टँकनं पात्रात पाऊल टाकलं आणि निम्म्यावर गेल्यावर बूड टेकलं. पट्टे फिरत राहिले, टँक खाली खाली बसत गेला. वजनच तेवढं. आमच्या मागचे टँक दुसरीकडून वळून पुढं गेले आणि आम्ही तिथंच, उघड्या पात्राच्या मधोमध, दिवसभर. बाहेर पडायची सोय नव्हती, कारण थोड्या थोड्या वेळानं आमच्या आजूबाजूला गोळा पडायचा आणि वाळू झाकणावर पाऊस पडल्यासारखी वाजायची. आम्हीही मधून मधून तोफ चालवत होतो. कशावर, ते कमांडरलाच माहीत. मला फक्त एवढं कळत होतं की लढाई पुढं चाललीय आणि मी चिखलात बसलोय.

आणि त्याच पात्रातनं, आमच्या हाताच्या अंतरावरनं, खाजाचा तो डबा आला. हलका, म्हणून वाळूवरनं सुळकन गेला. जाताना जवान घेऊन, येताना जखमी घेऊन. परत गेला. परत आला. मी दुर्बिणीच्या भोकातनं बघत होतो. एकदा तर त्यानं झाकणातनं हात बाहेर काढून हलवला. मी शपथेवर सांगतो, त्या हाताइतका राग मला शत्रूच्या तोफखान्याचाही आला नाही. संध्याकाळी आम्हाला ओढून बाहेर काढलं. तोवर त्या भागातलं सगळं आटपलं होतं.

घरी आल्यावर मी कुणाला खोटं काही सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, आम्ही नदीपाशी होतो. खाजानं चहावर तो विषय काढला की मी बाजारभावावर जायचो, पावसावर जायचो, नाहीतर उठून पैसे द्यायला जायचो. पुढं त्यानंही तो काढणं सोडलं.

पण दसरा यायचाच. खाजानं त्या दिवशी गाडीतनं परत आणलेली माणसं, त्यातली जगली-वाचलेली, दर दसऱ्याला त्याच्या घरी सोनं द्यायला येतात. कुणी बीडचा, कुणी बुलढाण्याचा, कुणी नगरकडचा. कुणाचं शिलंगण गावात झालं की लगेच गाडी धरतो, कुणी आदल्या दिवशीच येऊन राहतो. खाजाची बायको, रजियाभाभी, अंगणात दोन लांब बाकडी समोरासमोर मांडते. एपीसीत अशीच असतात. आणि ही माणसं त्या दिवशी जो जिथं बसला होता तिथंच बसतात. गेलेल्याच्या जागी त्याचा मुलगा बसतो, मुलगा नसला तर जागा मोकळी. एक जण मुद्दाम मधे जमिनीवर चटई टाकून बसतो, कारण त्या दिवशी त्याला आडवं घातलं होतं. मग खाजाच्या हातात आपट्याची पानं पडतात, एवढी की त्याच्या मांडीवर मावत नाहीत, आणि भाभी सगळ्यांना शाही तुकडा वाढते.

यातलं थोडं गल्लीत ऐकलेलं, बाकी डोळ्यांनी बघितलेलं. दर दसऱ्याला मी स्कूटर काढायचो आणि काहीतरी आणायचं राहिलं म्हणून त्या गल्लीतनं जायचो. त्याच्या घरापुढं आल्यावर जरा हळू करायचो. बोलावणं दरवर्षी असायचं, ते नाही कसं म्हणू? पण माझं तिथं काय काम? माझ्या टँकनं कुणाला आणलं नाही. टँकमध्ये दुसऱ्या माणसाला जागाच नसते. मारायला बनवलेली वस्तू ती. मी ज्यांच्यावर तोफ डागली त्यातला कुणी आपट्याची पानं घेऊन येणार आहे थोडाच? आमच्या घरी दसऱ्याला येतात ते शेजारी, आणि तेही कमलच्या हातच्या पुरणपोळीसाठी. मला उभ्या जन्मात एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी दारात यावं आणि म्हणावं, तुमच्यामुळं मी आहे. एक माणूस पुरे झाला असता. खाजाकडं बाकडी भरून होते.

त्या वर्षीच्या दसऱ्यालाही मी निघालो. अकॅडमीच्या भाषणानं आधीच पोट बिघडलेलं. कमल म्हणाली, "आज काय राहिलंय आणायचं?" मी म्हटलं, "कापूर." ती म्हणाली, "कापूर डबाभर आहे." मी ऐकलं न ऐकलं करून किक मारली. आभाळ स्वच्छ होतं, ऊन कलतं झालं होतं, वरून एक विमान धावपट्टीकडं उतरत होतं. खाजाच्या घरापुढं आलो आणि स्कूटरचा वेग केला कमी. जरा जास्तच कमी झाला असावा, कारण स्कूटर बंद पडली. बरोब्बर फाटकासमोर.

मी किका मारत होतो तेवढ्यात आतून आवाज आला, "रंगनाथ! अरे, आजा." खाजाच होता. बाकड्यांवरची सगळी माणसं उठून उभी राहिली. चटईवरचा तो माणूस, काठी टेकत टेकत, सगळ्यांच्या आधी फाटकापर्यंत आला. माझ्याकडं बघितलं, मग खाजाकडं बघितलं.

"हेच का ते रंगनाथ? टँकवाले?"

"हौ. हेच," खाजा म्हणाला.

म्हातारा माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला. मी मागं सरलो तर स्कूटर पडता पडता राहिली. "अहो, हे काय करता?" मी म्हणालो. "माझ्या टँकनं काही केलं नाही त्या दिवशी. आम्ही रुतलो होतो."

"म्हणून तर," तो म्हणाला. "दिवसभर त्यांचे गोळे तुमच्यावर पडत होते. एवढा मोठा टँक समोर बसलेला सोडून आमच्या डब्याकडं कोण बघणार? म्हणून खाजाभाईला एवढ्या फेऱ्या करता आल्या. तुम्ही हलला असता तर आम्ही त्याच पात्रात असतो, आज पण."

मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"खाजाभाई सांगतात की. दरवर्षी. आधी तुमचं सांगतात, मग आमचं. आम्ही म्हणायचो, त्यांना एकदा बोलवा. तर म्हणायचे, तो लांब राहतो, प्रवास झेपत नाही."

दोन गल्ल्या सोडून राहणारा मी. मी खाजाकडं बघितलं. तो आपला दाढी खाजवत उभा. "मला का नाही सांगितलंस, भल्या माणसा?" मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला.

"तू सांगू कधी दिलंस?" तो म्हणाला. "टँकचं नाव निकल्या की तेरा कांद्याचा भाव चालू."

मग त्यानं माझा दंड धरला आणि आत नेलं. मला वाटलं, बाकड्यावर सरकून जागा करतील. कुणी सरकलं नाही. सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. खाजानं मला फाटकाच्या आत, बाकड्यांपासून दूर, रस्त्याकडं तोंड करून ठेवलेल्या एका खुर्चीपाशी उभं केलं. साधी प्लॅस्टिकची खुर्ची. "ही तुझी जागा," तो म्हणाला. "हमारे और दुश्मन के बीच में." रजियाभाभी दारातून म्हणाल्या, "हर साल रखते, भाईसाब. खाली ही रहती." आणि मी, दरवर्षी स्कूटर हळू करून त्या अंगणात टक लावून बघणारा मी, ती खुर्ची मला एकदाही दिसली नव्हती. माझे डोळे कायम बाकड्यांवर.

बसलो. पाठीमागं खाजानं बोलायला सुरुवात केली. सवयीनं, जसं दरवर्षी करत असेल तसं, आधी माझं. गाळ, झाकणावर वाजणारी वाळू, आजूबाजूला पडणारे गोळे. मधे मधे ते सगळे ठरल्या ठिकाणी हसत होते, ठरल्या ठिकाणी गप्प होत होते, एक जण तर त्याच्या आधीच पुढचं वाक्य म्हणत होता. त्यांना सगळं पाठ होतं. मला रस्त्यावरची माझी पडायला आलेली स्कूटर दिसत होती आणि पोटात तीच कळ उठली होती, नेहमीपेक्षा जोरात. आता हेवा खाजाचा नव्हता, त्याच्या गाडीचाही नव्हता. माझ्या पाठीमागं बाकड्यांवर बसलेल्या त्या माणसांचा होता. माझ्या आयुष्यातला तो एक दिवस त्यांनी दर दसऱ्याला ऐकला होता, आणि मी तो पहिल्यांदा ऐकत होतो.